भरितात सापडलेला दात

माझा पुढचा दात माझ्या बायकोने, सिंधूने पाडला, असं आमच्या घरात सगळे मानतात आणि ते खरंच आहे. तो दात त्या वेळी तिथे काय करत होता, हे सांगायचं मात्र मी साठ वर्षं टाळलं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी धुळ्याला कापसाच्या एका जिनात कारकून होतो. मुलगी पाहायला सावद्याला जायचं ठरलं. बरोबर पारोळ्याचे मामा. तेव्हा मुलगी पाहणं म्हणजे तिचा पदर पाहणं. (माझ्या थोरल्या भावाने लग्नाआधी वहिनींचा फक्त अंगठा पाहिला होता. पायाचा.) मी पडलो शिकलेला. आपण आधी चेहरा पाहायचा, असं मी ठरवलं.

मामा एका ओळखीच्या दुकानात चहाला टेकले. "पाय मोकळे करून येतो," म्हणून मी सटकलो आणि केळीच्या बागेतून मुलीच्या परसामागे पोचलो. कुंपणाला लागून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा पुरुषभर ढीग होता. पलीकडे त्याच काड्यांच्या जाळावर पाहुण्यांसाठी, म्हणजे माझ्याचसाठी, भरिताची वांगी भाजत होती. एक मुलगी पाठमोरी बसून लाकडी पात्रात जाड दांड्याने वांगी ठेचत होती. चेहरा काही दिसेना. मी ढिगावर चढलो.

कपाशीच्या काड्या माणसाचं वजन पेलत नाहीत, हे खानदेशात जन्मलेल्याला कोणी सांगावं लागू नये. काड्या सरकल्या आणि मी कुंपणासकट आत गेलो, तो थेट वांग्यांत. एक तोंडावर फुटलं. धुराने डोळे मिटले. आधाराला हात पुढे केला, तर हातात तिचा पदर आला.

"कोन रे तू?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. दांडा नेमका तिथे बसला.

आलो त्याच वाटेने पळालो आणि तोंड धुऊन, रुमाल लावून मामांकडे परतलो.

"तोंडले काय व्हयनं रे?"

"मोटारीत धक्का बसला."

"मोटारमाईन उतरीसन आपले दोन घंटा व्हयनात," मामा म्हणाले. पण दुसरा चहा गरम होता, म्हणून विषय तिथेच थांबला.

संध्याकाळी पंगत बसली. सिंधू वाढायला आली. माझ्याजवळ तिचा हात क्षणभर थबकला, मग तिने भरीत वाढलं. जरा जास्तच. आणि मामांच्या दुसऱ्याच घासाला कट्टकन आवाज झाला.

"हाई काय शे? खडा शे का?" त्यांनी तो उजेडात धरला. "खडा नही. दात शे."

मामांनी आधी जिभेने स्वतःचे दात चाचपले. मग पंगतीतल्या एकेकाचं तोंड पाहिलं. शेवटी माझं.

"रुमाल काढ."

"पाव्हने," सिंधूचे वडील आबा म्हणाले, "तुमचा दात आमच्या भरितात कसा आला?"

खरं सांगितलं असतं तर लग्न जमण्याआधीच मोडलं असतं, आणि मामांनी मला पारोळ्यापर्यंत पायी नेलं असतं. मी म्हणालो, "दुपारी मागच्या दारी पाणी मागायला आलो होतो. तुमच्या मुलीने दांडा मारला."

आबा उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी तिच्या थोबाडीत दिली. "पानी मांगनाऱ्याले मारतं का कोनी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी भरिताकडे. मग ती पुढच्या पानावर भरीत वाढू लागली.

मामाच मोठ्याने हसले. "ऱ्हाऊ द्या, आबा. पोर पक्की शे. आमना पोऱ्याले अशीच पाहिजे." लग्न ठरलं ते असं.

सासरी तिचं नाव पडलं 'मारकी'. जावा म्हणत, नणंदा म्हणत, पुढे आमची पोरंही म्हणू लागली. दर लग्नात कोणीतरी ही गोष्ट काढी: बिचारा पाणी मागायला गेला आणि दात देऊन आला! मांडव हसे. मीही हसायचो, आणि पुरावा म्हणून तोंड उघडून दाखवायचो. ती पंगतीत वाढत असे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदाच विचारलं होतं, "तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं आबांनी तुमचे बाकीचे बी पाडले असते," ती म्हणाली आणि पुन्हा वांगी ठेचू लागली.

तर आता लिहून ठेवतो. ती मारकी नव्हती. पोटच्या पोरांवरही तिने कधी हात उगारला नाही. उभ्या आयुष्यात तिने एकाच माणसाला मारलं, आणि त्याला त्याहून जास्त मिळायला हवं होतं.

"सिंधू, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. कितीदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पण तिच्या हातात तोच दांडा असायचा (माहेरून तिने मागून आणलेली एकमेव वस्तू), आणि मी "भरितात मिरची कमी घाल" म्हणून परत यायचो.

तिला जाऊन सहा वर्षं झाली. दांडा खिळ्याला टांगलेला आहे, त्याच्यामागे हात नाही. तरी रोज त्याच्यासमोर उभं राहून ते तीन शब्द म्हणायला जातो आणि न चुकता आधी तोंडावर हात धरतो.