मास्तरांची स्वतःची पँट

बाजारातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. पन्नाशीचा गडी, हात सोन्याचा. गिऱ्हाईक अंगानं सुटलं तरी पँट चालावी म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवायचा. स्वतःच्या पँटीत तर चांगलं चार बोटं. पोट दाबायला लागलं की उसवायचा, सैल करायचा, वरून मशीन मारायचा. बाकीच्यांना पोट सुटल्याचं पँट सांगते. ह्यानं तिची बोलतीच बंद करून टाकली होती.

मग अंथरुणात गाडी अडायला लागली. मन तयार, अंग ऐकेना. पहिल्यांदा म्हणाला, दमलोय. पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं तशी लाजेनं बिछाना उचलला आणि बाहेरच्या खोलीत टाकला. "पाठ धरलीय," म्हणाला. बायकोच्या नजरेला नजर द्यायचं बंद.

एका सकाळी बायकोनं चहाचा कप आपटला. "माझा वीट आला असेल तर तोंडानं सांगा. दुसरी कोण गाठलीय का?"

"अगं, एकीला पुरा पडेना, दुसरी कुठली गाठतोय!" मास्तर बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

बाई आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले. "आणि मी मेली आरशात स्वतःलाच तपासत बसले होते! उठा, दवाखान्यात चला."

"अगं, तिथं डॉक्टर बाई आहे!"

"मग मी काय बाप्या आहे?"

दवाखान्यात मास्तरानं आधी खोकला सांगितला, मग गुडघा. शेवटी बायकोनंच खरं काय ते सांगून टाकलं. डॉक्टरीण हसली नाही. तिनं टेप काढली आणि त्याच्या पोटाभोवती गुंडाळली. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस स्वतःचं माप बघून गारच पडला. "पँट तर बसतेय की मला," पुटपुटला.

रक्त तपासलं तर साखर वाढलेली. रक्तदाबही चढलेला.

"तिथल्या रक्तवाहिन्या बारीक असतात," डॉक्टरीण म्हणाली, "म्हणून बिघाड बऱ्याचदा तिथं आधी दिसतो. हृदयाच्या मोठ्या, त्यांचं उशिरा कळतं. लाजत बसला असतात तर पुढं छातीनं सांगितलं असतं. वेळेवर आलात."

गोळ्या सुरू झाल्या, गोड सुटलं, रोजचं चालणं लागलं. काही महिन्यांत साखर उतरली आणि बिछाना आत आला. विशीतला जोर काही परतला नाही, पण दोघांचं पुन्हा जमायला लागलं. नाही जमलं त्या रात्री हसून झोपायचे.

एकदा चालता चालता मास्तर पुलावर थांबला. "तुझे उपकार आहेत बघ माझ्यावर. आणि त्या बिघाडाचेसुद्धा. आधी शिव्या घालत होतो त्याला. तोच वेळेवर ओरडला."

"उपकार राहू द्या, पाय उचला," बायको पुढं निघाली. "घाम येईपर्यंत चाला म्हणालीय ती."

मास्तर गालातल्या गालात हसत, धापा टाकत तिच्या मागं निघाला.