मुरमाचा ठराव

‘ए, खाली बस तू. माळ काय तुझ्या बापाचा हाय का?’

सरपंचाचे चुलते भर ग्रामसभेत म्हणाले. लोक हसले. मी अजून नीट उभीही राहिले नव्हते. तशीच परत बसले. देवळासमोर सतरंजी होती. आमच्या वस्तीतल्या बायका सतरंजीच्या बाहेर, मातीत. तिथं बसा असं आता कोणी सांगत नाही. आम्हीच बसतो.

माळ म्हणजे गावचं गायरान. जळकोटच्या रस्त्याला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा उघडाबोडका होता. पाऊस पडला की लाल पाणी सरळ नाल्यात. आमची वस्ती अगदी पायथ्याला, तरी आमचाच आड आधी आटायचा.

माझ्या चुलत सासूनं, सरूआत्यानं, बायका गोळा केल्या. आम्ही उतारावर आडवे चर खणले. शेळ्या वर सोडायच्या नाहीत, बांधून पाला घालायचा, हे तिनंच ठरवलं. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बी थुंकतात. सकाळी ते बी झाडून गोळा करायचं आणि चराच्या मातीत टाकायचं.

गावातले म्हणायचे, ‘शेळ्यांच्या उष्ट्यावर जंगल करून राहिल्या.’

सरूआत्या म्हणायची, ‘उष्टं खाऊन आम्ही वाढलो, झाडं बी वाढतील.’

एकदा मी दमून विचारलं, ‘आत्या, सावली कधी पडायची?’

‘तुझ्या सुनंच्या सुनंवर. खण तू.’

झाडं डोक्यावर गेली. आड उन्हाळ्यातही पाणी धरू लागला. आणि आता ठराव आला. रस्त्याच्या कामाला आमच्या माळाचा मुरूम काढायचा. सरूआत्या अंथरुणाला खिळलेली. ‘तू बोल,’ म्हणाली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही.

‘मंजूर असंल त्यांनी हात वर करा,’ ग्रामसेवक म्हणाले.

सतरंजीवरचे हात वर गेले. आमच्यातल्या दोघीतिघींचेही गेले. त्या चुलत्यांच्याच शेतात कामाला जातात.

चुलते म्हणाले, ‘लिहा, सर्वानुमते. बायकांचा बी होकार हाय.’

मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच बोलले.

‘माझा न्हाई.’

‘काय म्हणलीस?’

‘माझा होकार न्हाई. तसं लिहा.’

या वेळी कोणी हसलं नाही. चुलते थोडे पुढं झुकले. मग अगदी हळू, मायेनं विचारावं तसं म्हणाले, ‘ऱ्हायचं हाय ना बाई गावात?’

तेव्हापासून मला कोणी कामाला बोलवत नाही. पीठगिरणीत माझा डबा सगळ्यांच्या मागं सरकतो. काल माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. रेघांच्या आतल्या बाभळींना बुडाशी घाव घातलेत. आरपार नाही. अर्ध्यावर सोडलेत, आम्हाला दिसावेत म्हणून. आज दुपारी पिवळं यंत्र पायथ्याला येऊन थांबलं. दात जमिनीला टेकवून उभं आहे. त्यात माणूस नाही. वस्तीतलं कोणी त्याच्याकडं बघत नाही.

नवरा म्हणतो, ‘तुझ्या एकटीनं काय व्हणार हाय?’

नसेल होत काही. उद्या उजाडायच्या आधी मी वरच्या चरात जाऊन बसणार आहे. आणखी कोण येईल माहीत नाही. मी कोणाला विचारलेलं नाही. बोलता आलं तर बोलेन. नाही आलं तरी तिथून हलणार नाही.