लोकरीच्या तुपाची मोटार

सांगलीपासून साताऱ्यापर्यंत हट्टात माझ्यापुढं टिकेल असा माणूस जन्मलेला नाही, असं मी पन्नाशी उलटेपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. मग थोरल्या पोराचं लग्न जतकडं जमलं आणि मला व्याही मिळाले. मी शाळा दुसरीपर्यंत बघितली, पण सांगलीत मोटारीच्या सीटा शिवाव्यात आणि आतलं रेक्झिन, प्लॅस्टिक सुधारावं तर मीच. व्याही शाळेच्या बाजूला फिरकलेसुद्धा नाहीत. सारी उमर मेंढरांमागं गेली. तरी मोटारीच्या प्लॅस्टिकवर ते मला शिकवायचे आणि मी ऐकून घ्यायचो. माझ्या बायकोला हे अजून खरं वाटत नाही.

त्यांच्याकडं मोटार कशी आली ते आधी सांगतो. लागोपाठ दोन सालं पावसानं तोंड दाखवलं नाही, माळावर चघळायला काडी उरली नाही. डोळ्यांदेखत मेंढरं मरण्यापेक्षा कुठंतरी जगू देत म्हणून व्याह्यांनी अख्खा कळप पलूसच्या एका बागायतदाराला देऊन टाकला. त्याच्या अंगणात एक जुनी विलायती मोटार उन्हात पडून होती, ती बदल्यात घेतली. घेताना त्यांनी इंजिन बघितलं नाही. डॅशबोर्डवरनं पालथा हात फिरवला, दाराची मूठ चिमटीत धरून दाबली आणि म्हणाले, "कातडं वाळलंय, पर जनावर चांगलं हाय."

तेव्हापासून त्या मोटारीचं मेंढरू झालं. व्याही ती मेंढरांच्याच चालीनं हाकत. सायकलवाले पुढं निघून जात, पण ह्यांचं लक्ष सारखं मागच्या आरशात. एकदा मी शेजारी बसलो होतो. न राहवून विचारलं, "आवं पाव्हणं, मागं कोन हाय?" तर म्हणाले, "कोन न्हाई. पर बघाय नगं?" चढाला गाडी दमली की कानडीत "बा, बा" म्हणजे ये, ये करून तिला बोलवायचे, आणि ती यायचीही. ऊन प्लॅस्टिकचा वैरी, हे त्यांनी माझ्याकडनंच ऐकलं आणि मग माझ्याच डोक्यावर बसले. घरापुढच्या चिंचेची सावली सरकली की मोटार सरकवायची, दिवसातनं चार वेळा, तीही ढकलून. दारात येईल त्याला आधी पाणी, मग ढकलणं. तलाठी एकदा दाखल्याच्या कामानं आला, त्यानं दोन वेळा ढकलली आणि दाखला विसरूनच गेला. दुपारी डॅशबोर्डवर घोंगडं. दिवस मावळला की दार उघडून बोटानं बटणं मोजायची, वाड्यात शिरणारी मेंढरं मोजावीत तशी. अकरा बटणं. एकदा एक निखळून सीटखाली गेलं, तर ते सापडेपर्यंत हा माणूस जेवला नाही.

आणि ते तूप! आतलं काळं प्लॅस्टिक उन्हानं राखेसारखं करडं पडलेलं, हात लावला तर पांढरं बोटाला यायचं. ह्यावर माझी रीत ठरलेली. आधी कोरड्या फडक्यानं सगळा मळ उचलायचा. कोरडं फडकं आधी, ह्यात कुणाचं ऐकायचं नाही. मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, मग सावलीत वाळवणं आणि शेवटी ग्लिसरीनचा हलका हात. व्याह्यांनी हे सगळं ऐकलं आणि पिशवीतनं एक पत्र्याचा डबा काढला. लोकर पाण्यात उकळली की वर एक पिवळा चिकट थर येतो, तो त्यात भरलेला. ह्यालाच ते लोकरीचं तूप म्हणत. "पाव्हणं, मेंढरू वरीसभर उनापावसात हुबं ऱ्हातंय. त्येचं कातडं तडकतंय व्हय? मंग झालं तर." खोटं कशाला बोलू, महिन्याभरात ते प्लॅस्टिक काळं झालं, मऊ झालं. मला चाळीस वर्षांत एवढं मऊ करता आलं नव्हतं. पण वास! मोटार बाजारात उभी केली की धनगरांची कुत्री येऊन भोवतीनं राखणीला बसत.

पुढं त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न साताऱ्याच्या फौजी घरात ठरलं. नवरा-नवरी ह्याच मोटारीतनं जाणार, असं व्याह्यांनी जाहीर केलं. आमची सून, म्हणजे त्यांची थोरली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "मामंजी, आबांच्या गाडीचा त्यो वास घालवा की. सातारची मान्सं नाकाला रुमाल लावतील आन् माझ्या भनीला जन्मभर बोलतील." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच आठवड्यात व्याह्यांनी गाडी माझ्याकडं आणली. दाराची एक पट्टी सुटली होती. "पट्टी तेवढी चिकटवा, आन् सावली बघा," असं सांगून ते एस्टीनं साताऱ्याला पाहुण्यांकडं गेले. मी पट्टी चिकटवली. मग माझा हात थांबेना. दोन दिवस खपलो. पंधरा कोरडी फडकी काळीपिवळी झाली, मग साबण, ब्रश, ग्लिसरीन. फटीफटीतनं काडीला कापूस लावून फिरलो. असं काम मी आमदाराच्या गाडीचंही केलं नव्हतं.

व्याही आले, दार उघडून आत बसले. मी छाती काढून विचारलं, "काय पाव्हणं? नवी दिसती का न्हाई?"

त्यांनी स्टेअरिंगवर हात फिरवला, तळवा नाकाशी नेला. "नवीच दिसती," ते म्हणाले. "पर मेंढरं कुठं गेली वं?"

सून घाबरून म्हणाली, "आबा, डब्यात आसंल की आजून. लावू परत."

"डबा कवाच सरला, बाळ. कळप द्यायच्या आदल्या दिशी कातरलं हुतं, त्या लोकरीचं हुतं त्ये."

"मंग दुसऱ्याच्या मेंढराचं आणू की."

व्याही रागावले असते तर मी भांडलो असतो. भांडणात मी कधी मागं नाही. ते रागावले नाहीत. खाली उतरले आणि चिंच शोधावी तसे माझ्या अंगणात इकडंतिकडं बघत राहिले.

मी केलेलं काम उभ्या जन्मात मोडलं नव्हतं. त्या दिवशी मोडलं. बाकाखालच्या पोत्यातनं ती पंधरा फडकी काढली. माझी रीत होती म्हणून बरं; साबण लागायच्या आधीची फडकी, सगळं तूप त्यांच्यातच. उन्हात पत्र्यावर पसरून गरम केली आणि माझ्या चकचकीत डॅशबोर्डवर माझ्याच हातानं रगडायला बसलो. थोड्या वेळानं व्याही मागं येऊन उभे.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलं."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर लावा की."

माफी मी मागितली नाही. त्यांनीही ती मागायची वेळ येऊ दिली नाही. पहिल्यासारखं तूप बसलं नाही, पण वास आला. व्याह्यांनी दार लावून घेतलं आणि आत एकटेच बसले, मावळतीपर्यंत.

लग्नात नवरदेवाचे वडील, रिटायर सुबेदार, मागच्या सीटवर नवरा-नवरीशेजारी बसल्या बसल्या नाक मुरडून म्हणाले, "हा कसला वास हो?" मी पुढनं मान वळवली. "ह्ये माझं काम हाय, सुबेदार. आसलं काम सांगलीत दुसऱ्या कुनाला येत न्हाई." सुबेदारांनी रुमाल काढला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कपाळाचा घाम पुसून तो परत खिशात ठेवला. सून दाराबाहेर तोंडाला पदर लावून हसत होती.

व्याह्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मोटार माझ्या दुकानामागं असते. इंजिन केव्हाच बसलं, पण आतलं प्लॅस्टिक अजून काळंभोर आहे. कुणीही येऊन हात लावून बघावं. म्हातारा हे धूड कशाला सांभाळतोय, असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत. सावली सरकली की त्यांनाच ढकलायला लावतो. दुपारी ऊन तापलं की दाराच्या फटीतनं जरासा वास येतो, दरसाली थोडा कमी. दिवस मावळताना मी दार उघडतो आणि बोटानं बटणं मोजतो. अकराच्या अकरा भरतात. मग डॅशबोर्डवर घोंगडं घालतो आणि दार हळूच लावतो.