बत्ताशांचं देऊळ

माझ्या रक्तातल्या साखरेवर डॉक्टरांपेक्षा, बायकोपेक्षा आणि खुद्द माझ्यापेक्षाही जास्त हक्क कुणाचा असेल, तर तो माझ्या थोरल्या साडूंचा! भाऊसाहेब राहतात सिन्नरला, मी नाशकात; पण हे अंतर त्यांनी कधी मानलंच नाही. भर भाजीबाजारात हा गृहस्थ लांबूनच ओरडणार, "काय हो, साखर किती? जेवणाआधीची का नंतरची?" एकदा मित्राने द्राक्षांची पेटी पाठवली, तर मी आंघोळीहून येईपर्यंत यांनी ती अख्ख्या बिल्डिंगमध्ये वाटून टाकलेली. मला रिकामा पुठ्ठा! पंगतीत तर विचारूच नका. वाढपी जिलबी घेऊन आमच्या रांगेत वळला की भाऊसाहेब उभेच राहायचे. "त्यांना गोड नाय वाढायचं! शुगर हाय त्यांना!" मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलंय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग सिन्नरचं ते लग्न आलं. मुहूर्त बाराचा. मी शहाणा! पत्रिकेवर विश्वास ठेवला आणि आता पानं मांडतीलच, या हिशेबाने इन्सुलिन टोचून घेतलं. नवरदेव अजून वेशीपाशीच, आणि त्याचे मित्र डीजेपुढे नागीण होऊन लोळतायत. अक्षता पडायच्या आधी जेवण मागायचं कसं? लोक काय म्हणतील! घड्याळ बघत बसलो. मग दरदरून घाम फुटला, रिकाम्या पोटी साखर धाडकन उतरली, मांडव फिरू लागला. "भाऊसाहेब..." एवढंच म्हणता आलं.

जन्मभर माझ्या ताटातलं गोड पळवणारा तो माणूस थेट मुलीकडच्यांच्या रुखवतावर धावला. तिथे बत्ताशांचं देऊळ मांडलं होतं. त्याचा कळसच त्यांनी उपटला! मुलीची मावशी किंचाळली, "अहो, फोटो राहिलेत अजून!"

"फोटो मागून काढा, आधी माणूस वाचू द्या!" म्हणत त्यांनी एकेक बत्तासा माझ्या तोंडात घातला. "चावा की हो! चावा!" हा दांडगा माणूस चक्क रडत होता. कळस उपटल्याचं पाप लागत असेल, तर ते सगळं माझ्या माथी येवो. त्यांच्यामुळेच मी आज आहे.

आता गुडघ्यांमुळे ते लग्नांना येत नाहीत. परवा पंगतीत वाढपी जिलबी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. कुणीच ओरडलं नाही. इतकी वर्षं याच घडीची वाट पाहिली होती, आणि मला काही ती घेववेना. ताटावर आडवा हात धरला. घरी येऊन त्यांना फोन लावला, पंगतीत जिलबी होती म्हणालो.

"साखर किती?"

आकडा सांगितला. "बरं," म्हणाले. मग हळूच, "जिलबी कशी होती हो?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "तुम्ही नव्हता ना."