चार ओळींतला म्हातारा

आबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते तीन आठवडे माझ्याकडं मुकुंदवाडीला राहिले. गावाकडं, सिल्लोडच्या पुढं, धूळ फार. आई मेंढरांपाशी थांबली. मी शेंद्र्याला एका कारखान्यात पहिल्या पाळीला जाते, चारच्या सुमाराला परत येते. मी आले की आबा काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसलेले असायचे. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस, नुसता बसलेला. मोबाइलवरची भजनं ऐकून ऐकून कंटाळले होते.

म्हणून एक दिवस मी वाचत असलेली कादंबरीच मोठ्यानं वाचायला घेतली. मराठीत अनुवाद झालेली विज्ञान कादंबरी. दूरच्या एका ग्रहावर हवा इतकी दाट, की आवाज चालत जातो. सकाळी मारलेली हाक समोरच्या टेकडीवर दुसऱ्या दिवशी पोहोचते. पृथ्वीवरून गेलेली एक शास्त्रज्ञ बाई तिथल्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकते.

मला वाटलं, आबा दहा मिनिटांत उठतील. ते सरसावून बसले.

“दुसऱ्या दिशी? मंग लांडगा आला तर कसं सांगावं?”

“आबा, तिथं लांडगे नाहीत.”

“मेंढरं?”

“तीपण नाहीत.”

“मंग लोक करतेत काय दिसभर?” जरा थांबून म्हणाले, “वाच माय, वाच. ऐकू लागलो मी.”

मग रोजच वाचन सुरू झालं. माझ्या खोलीला पिवळा पडदा आहे. त्यातून उन्हं आत आली की भांडी, भिंत, आबांचं धोतर, सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसायचं. जवळच्या स्टेशनातून गाडी निघाली की मी थांबायचे, ती गेली की पुढं वाचायचे. पहाटे पाचला उठलेली असल्यानं कधी कधी वाचता वाचताच डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा आबा तसेच बसलेले, मान जराशी तिरपी, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे.

पुढच्या वर्षी दुसरा डोळा दाखवायला ते आले, तेव्हा त्याच कादंबरीवरचा सिनेमा शहरात लागला होता, हिंदीत डब केलेला. रविवारी दुपारी मी त्यांना मॉलमध्ये घेऊन गेले. सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

सिनेमा सुरू झाला आणि मी हरखून गेले. निळी जमीन, निळं गवत. आवाज जिथून जाईल तिथलं गवत हळूच वाकायचं, म्हणजे हाक येताना दिसायची. पुस्तकात यासाठी दोन पानं खर्ची पडलेली. इथं नुसतं गवत वाकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग यान आलं, बंदुका आल्या. सगळ्यांच्या कानात यंत्रं बसवली, त्यामुळं कुणाला कुणाची वाट बघायचं कामच उरलं नाही. पुस्तकात ती बाई पृथ्वीवर परत निघते, तेव्हा पहिल्या दिवशी घाबरून मारलेली स्वतःचीच हाक तिला वाटेत भेटते. सिनेमात त्या जागी स्फोट झाला.

मध्यंतरात आबा म्हणाले, “त्यो म्हातारा कवा येनार?”

“कोणता?”

“टेकडीखाली बसलेला. भावाच्या हाकंची वाट बघनारा.”

मला तो धड आठवेना. “येईल पुढं,” म्हटलं. तो शेवटपर्यंत आला नाही.

रिक्षात बसल्यावर मीच न राहवून विचारलं, “आवडला नाही ना?”

“चित्रं चांगली व्हती. पन ही गोष्ट ती नाय.”

“अहो, तीच आहे. थोडं बदलावं लागतं त्यांना.”

“म्हाताऱ्याला काढून टाकलं, मंग काय राह्यलं?”

मला राग आला. हौसेनं नेलं होतं, आणि गवत मला खरोखर आवडलं होतं. घरी आल्या आल्या पुस्तक काढलं आणि त्यांना दाखवायला म्हणून म्हातारा शोधू लागले. बऱ्याच वेळानं सापडला. एका पानाच्या तळाशी, चार ओळींत. टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध बसलेला होता, शास्त्रज्ञ बाई त्याच्याजवळून गेली, त्यानं वर पाहिलं नाही. बस्स. भाऊ नाही, हाक नाही.

“आबा, भावाचं मी कधी वाचलं?”

“तू झोपली व्हतीस तवा,” ते सहज म्हणाले. “पुस्तक छातीवर ठिवून.”

“आणि तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोन सांगल? डोळे मिटून बसलो व्हतो. दिसलं.”

मी पुस्तक मिटलं. “मग सांगा की मला.”

त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याचा भाऊ जितराबं घेऊन डोंगरापल्याड गेलेला. जाताना म्हणाला, पोचलो की हाक देतो. म्हातारा तेव्हापासून जागचा हलत नाही. हलला तर हाक येऊन तशीच पुढं निघून जायची. लोक तिथंच भाकर आणून देतात. अखेर एक दिवस हाक येते. तिच्यावरून म्हाताऱ्याला कळतं, भाऊ खडकावर उभा होता, वारं पाठीमागून होतं, आणि घसा कोरडा होता.

“काय म्हणतो भाऊ?”

“म्हनतो, माझी वाट बघू नका, जेवून घ्या.”

मी हसले, तसे आबाही हसले. मग मी कितीतरी वेळ त्यांना प्रश्न विचारत राहिले: म्हातारा किती वर्षं बसला, जितराबं कसली होती, भाऊ परत आला का. काहींची उत्तरं त्यांच्याकडं तयार होती. काही प्रश्नांना ते चष्मा काढून, डोळे मिटून थांबायचे, आणि मीही न बोलता थांबायचे. भाऊ परत आला का, हे मात्र त्यांना दिसलं नाही. “तिथवर तू जागी झालीस,” म्हणाले.