हिरडी दाबून बघणाऱ्या बाई

तारा लावायला आलेल्या माणसाचे दात बाई सगळ्यात शेवटी बघत. आधी बोटानं हिरडी हलकेच दाबायची आणि रक्त आलं की, "नीट ब्रश कर, पंधरा दिवसांनी ये," म्हणून सरळ घरी पाठवायचं. नेरूळच्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा मला प्रश्नच पडला, अशानं यांचा दवाखाना चालतो तरी कसा! "सबर कर, पोरी," हे त्या दिवसातून दहादा म्हणत. पेशंट पाठीमागे त्यांना 'सबरबाई'च म्हणायचे.

"तार दात नाही सरकवत गं," त्या मला सांगत. "ती नुसती कुरापत काढते. पुढचं काम रक्तातल्या पेशी करतात. एका बाजूचं हाड खातात, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. पण हिरडी आधीच सुजलेली असली ना, तर त्या तिथं जंतूंशी भांडतच असतात. वरून तू ताण दिलास तर खातच सुटतात. मग थांब म्हटलं तरी ऐकत नाहीत." पुस्तकात याची चाळीस पानं मी वाचली होती. कळलं ते बाईंकडून.

एकदा आई आजारी म्हणून बाई मुरूडला गेल्या आणि दवाखाना माझ्यावर आला. त्याच आठवड्यात बाईंनी तारा लावलेली उलव्याची एक मुलगी आईबरोबर आली. साखरपुडा तोंडावर आला होता आणि समोरच्या दोन दातांमधली फट अजून बुजली नव्हती. मी हिरडी दाबली. रक्त आलं. पंधरा दिवसांनी या म्हटलं, तर आई म्हणाली, "तेव्हा काय उपयोग मॅडम? तुमी पण डॉक्टरच ना? करा जरा टाइट, टेन्शन नका घेऊ."

'तुमी पण डॉक्टरच ना' मला झोंबलं. मी तार आवळली, दहा दिवसांत पुन्हा आवळली. फट बुजली. साखरपुड्याचे फोटो बघून मी हुरळून गेले होते.

महिन्याभरात त्या दोन दातांतला एक जिभेच्या धक्क्यानंही हलायला लागला. एक्स-रेत मुळाभोवतीचं हाड निम्मंही उरलं नव्हतं. मुरूडहून परतलेल्या बाईंनी तारा काढल्या, दात शेजारच्या दातांना बांधला आणि दर आठवड्याला मुलीला बोलावून हिरडी स्वतः साफ केली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. चार महिने झगडूनही दात काढायची वेळ आलीच.

त्या दिवशी मुलीनं रडत विचारलं, "असं का झालं, मॅडम?"

मी शेजारीच उभी होते. माझ्या आधी बाई बोलल्या. "माझी चूक हाय, बेटा. तार आवळ म्हणून फोनवर मीच हिला सांगितलं."

असा फोन झालाच नव्हता. मुलीची आई बाईंना नको नको ते बोलली. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या आणि मी गप्प उभी राहिले.

त्या दोघी गेल्यावर मी विचारलं, "का सांगितलंत असं?"

"तुला अजून उभं आयुष्य काम करायचंय," बाई म्हणाल्या. "धीर आला की तूच खरं सांग तिला."

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. वाशीत आता माझा स्वतःचा दवाखाना आहे. मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. तिच्या लेखी तिचा दात आजही बाईंनीच घालवलेला आहे.