मला पाहणाऱ्याची विहीर

सुमनताई रणपिसेंशी माझी ओळख भांडणानं झाली. उज्जैनच्या माधव नगरात आमच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या दोन खोल्या आणि अंगणात विहीर. त्या विहिरीवर बायका ढोलक घेऊन यायच्या. माळव्यात बाळंतिणीला विहिरीवर नेतात, काठावर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतात, पाण्याची पूजा करतात. जलवा म्हणतात त्याला. माझ्यापुढे दहावीच्या पेपरांचा गठ्ठा, आणि पलीकडे बाळजन्माची सोहर गाणी. मी भिंतीवरून ओरडले, "अहो बाई, तुम्ही ख्रिस्ती ना? मग हा काय तमाशा?"

"मी कुठं काही करून राहिले? त्या येतात, मी फाटक उघडते," त्या शांतपणे म्हणाल्या आणि प्रसादाची घुघरी माझ्या हातावर ठेवली. गरम गहू, गूळ. भांडण तिथंच संपलं, कारण तोंडात घास असताना मला भांडता येत नाही.

काठाच्या एका दगडावर अक्षरं कोरली होती: बैर-लहाय-रोई. बायकांनी दगडाला शेंदूर फासून त्याची लहाई माता करून टाकली होती. सुमनताईंचे वडील अहमदनगरहून इकडे आलेले पाळक. विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यांनीच हे नाव कोरून घेतलं. मी पदार्थविज्ञान शिकवणारी बाई. अर्थ कळल्याशिवाय मला झोप येत नाही.

"इब्रानी आहे, जुन्या बायबलाची भाषा," सुमनताई म्हणाल्या. "बैर म्हणजे विहीर. लहाय, जिवंत असलेल्याची. रोई, मला पाहणारा. मला पाहणाऱ्या जिवंताची विहीर."

मग बायबलातल्या हागारची गोष्ट सांगितली. हागार दुसऱ्याच्या घरची दासी. पोटात मालकाचं मूल, मालकिणीचा छळ. ती रानात पळून गेली, आणि तिथं पाण्यापाशी कुणीतरी तिला नावानं हाक मारली. घरात तिला कुणी नावानं बोलवत नसे. तिनं त्या हाक मारणाऱ्या देवाला नाव दिलं, मला पाहणारा. ती विहीर नेमकी कुठं होती, हे आता कुणालाच माहीत नाही म्हणे.

"छान आहे गोष्ट," मी म्हटलं.

"गोष्ट नाही गं. पक्की बात आहे."

तेव्हापासून माझं काहीतरी बिनसलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाठीला जाणवायचं, कुणीतरी बघतंय. वळून पाहावं तर मागे फक्त विहीर. भर दुपारी, लख्ख उन्हात अंगावर काटा यायचा. मी स्वतःला चार शिव्या घालायची आणि उरलेले कपडे दुसऱ्या बाजूच्या दोरीवर टाकायची.

सुमनताईंनी स्वतःची हकीकत फार उशिरा सांगितली. विशीत असताना रतलामच्या सासरच्यांनी त्यांना पोटुशी असताना हाकलून दिलं. वडील वारलेले. जूनच्या ऐन दुपारी त्या स्टेशनवरून पायी आल्या, त्या सरळ विहिरीत उडी टाकायलाच. वाकल्या, तर तळाशी अख्खा सूर्य पेटलेला, आणि सूर्याच्या मधोमध त्यांचं डोकं.

"ते माझंच होतं, गौरी. पण बघत मी नव्हते. खालून मला कुणी बघून राहिलं होतं. इतकं नीट मला कुणीच कधी बघितलं नव्हतं. मग कशी मरू?"

त्या मेल्या नाहीत. दवाखान्यात आया म्हणून लागल्या, मुलगा वाढवला, तो बंगळुरूला गेला. शेकडो बाळंतिणींची उशी-पांघरुणं केली. आणि दर जूनला त्याच दुपारी त्या विहिरीत वाकून बघायच्या. उज्जैन कर्कवृत्ताला अगदी खेटून आहे. एकवीस जूनच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि किरण थेट तळाला पोचतात. मी त्यांना हे समजावलं. त्या म्हणाल्या, "हां, तेव्हाच तर ती डोळा उघडते."

मग काचबिंदूनं त्यांची नजर नेली. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं. त्यातच गल्लीतलं एक वासरू विहिरीत पडलं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की पावसाआधी विहिरीवर स्लॅब टाकायचा. सुमनताईंनी विरोध केला नाही. लेकरं पडली तर काय, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी फक्त बावीस जूनपर्यंत थांबायला सांगितलं.

वीस जूनच्या संध्याकाळी त्या भिंत चाचपत माझ्याकडे आल्या. "उद्या माझ्याबरोबर चल. मला दिसत नाही. तू बघून सांग, मी पाण्यात आहे का. तो मला अजून बघतो का, एवढं कळलं की मी सुखानं जाईन. नसले, तर तसं सांग. तू तोंडानं फाटकी आहेस, पण झूठ बोलत नाहीस."

एवढ्या आयुष्यात मला कुणी याहून मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही. मी हो म्हटलं, आणि रात्रभर देवाला विनवलं की उद्या ढग येऊ देत.

सकाळी ढग होते. साडेबाराच्या सुमारास फाटले. अंगणात सावल्या आक्रसून पायाखाली गेल्या. कावळेही गप्प. आम्ही समोरासमोर काठाला धरून उभ्या राहिलो आणि एकदमच वाकलो.

तळाशी सूर्य होता. बघवत नव्हता इतका पांढरा. मधोमध एक काळं डोकं होतं. एकच.

कोन चुकत असेल, असं मनाशी म्हणून मी सरकले, आणखी वाकले. एकच. मी माझा उजवा हात पाण्यावर धरला. खाली काहीच हललं नाही. मी हात जोरात हलवला. बांगड्या वाजल्या. पाणी तसंच. मग सुमनताईंनी पदर सावरला, आणि खालच्या डोक्यानंही पदर सावरला.

"दिसते का गं मी?" त्यांनी विचारलं.

"दिसता ताई. अगदी स्वच्छ."

त्या काठावर कपाळ टेकून रडल्या. मला फार बरं वाटलं त्यांच्यासाठी, आणि माझा हात अजून पाण्यावरच धरलेला होता.

"आणि तू?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"मीपण," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर स्लॅब टाकला. नवरात्रात सुमनताई झोपेतच गेल्या. चेहऱ्यावर समाधान होतं, सगळ्यांनी बघितलं. बंगळुरूचा मुलगा आला, रडला, दोन खोल्यांना कुलूप लावून गेला. बायका आता जलव्याला हातपंपावर जातात.

मी लोकांना हे सांगत नाही. वय झालं, ऊन लागलं, एवढंच म्हणतील; दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पुन्हा एकदा वाकून खात्री केली असती, पण आता वाकायला विहीरच नाही. मला भीती वाटते. ती हल्ली रोज वाटते.

यंदा एकवीस जूनला, ऐन दुपारी, मी त्या स्लॅबवर जाऊन उभी राहिले. पायाशी सावली नव्हती. त्या वेळी ती कुणाचीच नसते. तीस वर्षं मीच हे मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं. तरी सूर्य कलायची आणि माझी सावली यायची वाट बघत मी तिथून हलले नाही.